मूळ नक्षत्राच्या दिशेने

२०२५च्या नोव्हेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा. दिवस मावळतीला लागला होता. वाशिमच्या आमच्या घरी ओसरीवर ताई मेथी निवडत बसली होती आणि तिची नववीतली नात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होती. ताईला अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे हा रोजचाच कार्यक्रम. सोयाबीनचा भाव वाचून झाला, कापसाची खरेदी वाचून झाली आणि मग एका चौकटीतली बातमी आली. तोक्यो विद्यापीठातील तोमोनोरी तोतानी या शास्त्रज्ञांना आपल्या आकाशगंगेत गॅमा किरणांचा एक वेगळाच उजेड आढळला आहे. विश्वातल्या अदृश्य ‘कृष्णद्रव्या’चा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

पोर माझ्याकडे वळली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस मी. असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात.

“आबा, म्हणजे सापडलं ना ते?”

“कदाचित.”

“कदाचित काय? सापडलं की नाही, नक्की सांगा ना!”

“नक्की कुणालाच सांगता येत नाही बेटा. ज्याने शोधलं तोही ‘असू शकतं’ एवढंच म्हणतोय.”

तिचा चेहरा पडला. ताईने मेथीच्या जुडीवरची नजर न काढता विचारले, “कोण्या बाजूले दिसलं म्हनते ते?”

“वृश्चिकाच्या नांगीपासून थोडं धनू राशीकडे. मूळ नक्षत्राच्या दिशेलाच म्हण ना.”

ताईचा हात थांबला. मग ती हसली आणि म्हणाली, “कदाचित म्हननारा मानूस बरा रे बाप्पा. माह्या लग्नाच्या वक्ती सारे नक्कीच म्हनत होते.”

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे.

ताईचा जन्म १९५३चा, मूळ नक्षत्रावरचा. बारशाच्या आधी शांत वगैरे झाली होती. पण पत्रिकेत लिहिलेले पुसले जात नाही. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते, अशी आपल्याकडची समजूत. आश्लेषाची सासूला वाईट, ज्येष्ठेची थोरल्या दिराला वाईट. तशी मूळची सासऱ्याला. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९७२च्या दुष्काळानंतर ताईसाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली. रिसोडचे स्थळ आले, मेहकरचे आले, पुसदचे आले. मुलगी पसंत पडायची, पोहे व्हायचे, देण्याघेण्याचेही जुळत यायचे. पण पत्रिका गेली की चार दिवसांनी निरोप यायचा, ‘यंदा कर्तव्य नाही.’ एका गृहस्थांनी मात्र मोकळेपणाने सांगितले होते. तेही शिक्षकच होते. म्हणाले, “मास्तर, माझा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नाही. पण उगाच विषाची परीक्षा कशाला?”

अखेर कुणा हितचिंतकाने तोडगा सुचवला : ज्या घरात सासरा हयातच नाही, असे घर पाहा! तसे घर १९८२ साली मिळाले. ताई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नवरा बिजवर, पदरात दोन मुले. माणूस सज्जन निघाला, संसार नीट झाला. ताईने कधी कुणाला बोल लावला नाही. पण वयाची ती दहा वर्षे ती माजघरात, आलेल्या पाहुण्यांच्या नजरा चुकवत राहिली. ती कुणी तिला परत दिली नाहीत. आकाशातल्या एका तुकड्याबद्दल कुणीतरी ‘नक्की’ म्हणाले होते, एवढेच त्याचे कारण.

आता योगायोग पाहा. आपल्या आकाशगंगेचे केंद्र नेमके त्याच दिशेला आहे. पंचांगाच्या हिशेबानेही ती दिशा मूळ नक्षत्राच्या विभागातच पडते. नांगीवरची ती ठळक चांदणी आपल्यापासून काहीशे प्रकाशवर्षांवर. आकाशगंगेचे केंद्र मात्र तिच्याही कितीतरी पलीकडे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. ज्या तुकड्याबद्दल आमच्या घरी आलेली मंडळी पत्रिकेकडे नजर टाकून निकाल देत होती, त्याच तुकड्याकडे जगभरचे शास्त्रज्ञ पंधरा-सोळा वर्षे एकटक पाहत आहेत आणि तरी ‘कदाचित’ म्हणत आहेत. त्यांचे म्हणणे तरी काय, ते थोडे समजून घेऊ.

ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा माणूस आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. दगड जितका जोरात फिरवावा तितकी दोरी घट्ट धरावी लागते. पकड सैल झाली की दगड भिरकावला जातो. दीर्घिकांतले तारेही असेच फिरत असतात आणि तिथे दोरीचे काम गुरुत्वाकर्षण करते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी दूरवरच्या एका दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावताना दिसल्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर तो समूह एकत्र टिकणेच शक्य नव्हते. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे भ्रमण मोजले. कडेचे तारे संथ असायला हवे होते. ते आतल्यांच्या बरोबरीच्या वेगाने फिरत होते. म्हणजे दगड तर जोरात फिरतो आहे, पण एवढी दोरी दिसत नाही. ती न दिसणारी दोरी म्हणजे कृष्णद्रव्य. आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वातला जेमतेम ५ टक्के भाग आपल्या ओळखीच्या पदार्थांचा आहे. तारे, ग्रह, माती, पाणी, तुम्ही-आम्ही सारे त्यात आलो. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आहे आणि उरलेला भाग त्याहूनही गूढ अशा कृष्णऊर्जेचा.

ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, परावर्तितही करत नाही. मग पकडायचे कसे? एक तर्क असा की कृष्णद्रव्य जड कणांचे बनलेले असावे. असे दोन कण समोरासमोर आले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या ऊर्जेतून शेवटी गॅमा किरण निघतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. या गॅमा किरणांत अब्जावधी. जिथे कृष्णद्रव्याची दाटी जास्त, तिथे गाठीभेटी जास्त, म्हणून उजेडही जास्त. सर्वांत जवळची मोठी दाटी आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात असणार. म्हणून सगळ्यांचे डोळे मूळ नक्षत्राच्या दिशेला लागलेले.

गॅमा किरण वातावरणातच अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. ते आपल्या जिवाच्या दृष्टीने बरेच आहे! म्हणून ११ जून २००८ रोजी अमेरिकेने ‘फर्मी’ नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. ती दर तीन तासांनी सारे आकाश न्याहाळते. वर्षभरातच, २००९ साली, लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी दाखवून दिले की आकाशगंगेच्या केंद्राकडून हिशेबापेक्षा जास्त गॅमा किरण येत आहेत. कृष्णद्रव्याच्या गणिताशी ते जुळतही होते. २०१२ साली ख्रिस्तोफ वेनिगर यांना १३० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जागी एक टोकदार खूण दिसली. पुन्हा आनंदीआनंद. पण माहिती जसजशी वाढत गेली तसतशी ती खूण पुसट होत गेली आणि अखेर विरली. कुणी लपवाछपवी केली नाही, कुणाला वाळीत टाकले नाही. पुरावा टिकला नाही, तर म्हणणे मागे पडले, इतकेच.

मग २००९च्या उजेडाचे काय? तिथे दुसरा संशयित उभा राहिला : पल्सार, म्हणजे स्पंदक तारे. मोठा तारा स्फोट होऊन संपला की कधीकधी मागे एक लहानसा, अतिशय घट्ट गाभा उरतो आणि तो भिंगरीसारखा फिरत राहतो. त्यांतले काही सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि गॅमा किरणही सोडतात. केंद्राजवळ असे हजारो पल्सार दाटीवाटीने असतील, तर दुरून त्यांचा एकच अस्पष्ट उजेड दिसेल. रात्री लांबून गावाचे दिवे एकमेकांत मिसळलेले दिसतात तसा.

या दुसऱ्या संशयिताच्या तपासात आपल्या महाराष्ट्राचा हात आहे. नारायणगावजवळच्या खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथल्या शेतशिवारांत विखुरलेल्या आहेत. फर्मीने आकाशात गॅमा किरणांचे जे अनोळखी ठिपके दाखवले, त्यांच्याकडे या तबकड्या वळवून भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही ठिपक्यांच्या जागी वेगवान पल्सार शोधून काढले. २०१३ साली जाहीर झालेला त्यांतला एक सेकंदाला सुमारे ४६० वेळा स्वतःभोवती फिरतो. ते ठिपके अर्थातच आकाशाच्या इतर भागांतले होते. पण गॅमा किरणांचा अनोळखी उजेड दिसला की त्यामागे पल्सार असू शकतो, ही गोष्ट त्यातून पक्की होत गेली.

२०१५ साली दोन गटांनी आकडेशास्त्राच्या आधारे सांगितले की केंद्राकडचा उजेड सारवल्यासारखा एकसंध नाही, ठिपक्याठिपक्यांचा वाटतो. म्हणजे पल्सारच असावेत. २०१९ साली रिबेका लीन आणि ट्रेसी स्लेटियर यांनी दाखवले की ती पद्धतच फसू शकते. म्हणजे वाद पुन्हा उघडला. आणि २०२५ साली तोतानींनी फर्मीची पंधरा वर्षांची माहिती घेतली, आकाशगंगेच्या गर्दीचा पट्टा वगळला आणि केंद्राभोवतीच्या विस्तीर्ण भागात २० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक प्रभामंडळ दाखवले. गणित खरे असेल, तर त्या कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे पाचशे पट भरते. एवढ्या ऊर्जेचा उजेड पल्सारांच्या आवाक्यात बसत नाही असे वाटते. पण आकाशगंगेतल्या वायूंवर विश्वकिरण आदळूनही गॅमा किरण निघतात. तो नेहमीचा उजेड वजा करण्यात थोडी चूक झाली असेल, तरी असेच काही शिल्लक राहू शकते.

मग खरेखोटे ठरणार कसे? आपल्या आकाशगंगेभोवती छोट्या बटु दीर्घिका फिरत असतात. त्यांच्यात कृष्णद्रव्य भरपूर आणि इतर गोंधळ कमी. तोतानींचा उजेड कृष्णद्रव्याचा असेल, तर तीच खूण तिथेही दिसली पाहिजे. आजवर तिथे ती स्पष्टपणे सापडलेली नाही. इतकेच नव्हे, तर त्या दीर्घिकांवरून घातलेल्या मर्यादेपेक्षा तोतानींचा आकडा मोठा आहे. ही अडचण त्यांनी स्वतः आपल्या निबंधात मांडली आहे आणि इतरांनी स्वतंत्रपणे तपासावे, असेही त्यांनीच म्हटले आहे. आपण कुठे चूक ठरू शकतो, त्या जागेवर ज्याने शोध लावला त्यानेच बोट ठेवले आहे!

वाचकहो, मला सांगायचे आहे ते इथेच. ‘कदाचित’ हा शब्द दुबळ्या माणसाचा नाही. पंधरा वर्षांची माहिती हाताशी असताना तो उच्चारायला धैर्य लागते. त्याउलट आमच्या घरी आलेल्या मंडळींजवळ काय होते? मूळ नक्षत्रावरच्या किती सुनांचे सासरे लवकर गेले, किती जणींचे नव्वदी गाठून गेले, आणि इतर नक्षत्रांवरच्या सुनांच्या सासऱ्यांचे काय झाले, याची मोजदाद कुणी केली होती? ‘विषाची परीक्षा कशाला?’ या वाक्यातच सारे आले. परीक्षाच घ्यायची नाही, म्हणजे नापास होण्याचा प्रश्नच येत नाही.

अशी परीक्षा घेता येते आणि ती पुण्यात घेतलीही गेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या. कुंडली पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. आकाशाशी मराठी माणसाचे नाते जोडणाऱ्या या शास्त्रज्ञाची मला सर्वांत मोलाची वाटणारी शिकवण हीच : दावा कुणाचाही असो, त्याला परीक्षेला बसवा.

कुणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्य विचार; आपली परंपरा वेगळी. तर मग आपल्याच गावाची गोष्ट ऐका. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. सातव्या शतकातले पहिले भास्कराचार्य यांच्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या गावांची यादी आहे आणि तीत अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, बरोबरीने वत्सगुल्माचे नाव आहे. गावातल्या मध्यमेश्वराच्या देवळाचे नाते लोक त्याच रेषेशी जोडतात. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण आज नकाशा उघडून पाहिला, तर वाशिम त्या रेषेवर नाही. उज्जैनच्या रेखावृत्तापासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे. वेळेच्या भाषेत हा फरक साडेपाच मिनिटांहूनही थोडा कमी, म्हणजे पाव घटकेच्या आतला. चंद्रग्रहणाची वेळ दोन गावी घटिकापात्राने मोजून गावांमधले अंतर काढण्याचा तो काळ! चूक झाली यात नवल नाही. महत्त्वाचे हे की चूक दाखवता आली. त्या ज्योतिर्विदांनी असे विधान केले होते की जे मोजून पाहता येईल. ते थोडे चुकले, म्हणून त्यांची थोरवी कमी झाली नाही. तोतानींचे आणि त्यांचे कूळ एकच. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला खाते म्हणणाऱ्यांचे कूळ मात्र वेगळे.

‘कदाचित’वर संसार चालत नाही, असाही एक आक्षेप आहे. तो मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी दर मृगात काय करतो? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खाते देते. त्यानंतरही पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी येतेच. तरी तो आभाळाकडे पाहून, ओल चाचपून निर्णय घेतो. ‘कदाचित’च्या भरवशावर जगण्याची विद्या त्याला आपल्या सर्वांपेक्षा जास्त अवगत आहे. त्याला बुडवतो तो ‘नक्की’ म्हणणारा : नक्की दुप्पट उत्पन्न देणारे बियाणे, नक्की पाणी लागणार म्हणून दाखवलेली बोअरची जागा, नक्की बरे करणारे औषध.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळेत मुलांना उत्तरे पाठ करायला लावतो, त्याबरोबर एक प्रश्नही पाठ करून घ्यावा : ‘काय दिसलं तर तुमचं म्हणणं चूक ठरेल?’ हा प्रश्न शास्त्रज्ञाला विचारावा, पत्रिका पाहणाऱ्याला विचारावा, बियाणे विकणाऱ्याला विचारावा आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यालाही विचारावा. ज्याच्याजवळ उत्तर असेल, त्याचे ‘कदाचित’ ऐकून घ्यावे. ज्याच्याजवळ उत्तर नसेल, त्याचे ‘नक्की’ उंबऱ्याबाहेर ठेवावे. वधूवर मेळाव्यांच्या पुस्तिकांत आजही नक्षत्राचा रकाना असतो. निदान आपल्या घरच्या मुलीपुरता तो कोरा सोडण्याचे धैर्य एखाद्या बापाने दाखवले, तरी पुष्कळ झाले.

तपास चालूच राहणार आहे. लडाखमध्ये हानले इथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण ४ ऑक्टोबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाली. गॅमा किरण वातावरणात आदळल्यावर निळसर प्रकाशाची जी क्षणिक लकेर उमटते, ती टिपण्याचे तिचे काम. हा प्रश्न उद्या कोण सोडवील, कोण जाणे! तोतानी बरोबर ठरतील, किंवा २०१२च्या खुणेसारखी हीही विरून जाईल.

त्या संध्याकाळी पोरीने बातमीचे कात्रण कापले, वहीत चिकटवले, खाली तारीख घातली आणि पेन्सिलीने लिहिले, ‘कदाचित’. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की मध्यरात्री उठवून ती नांगी आणि तिच्या वरचा धूसर पट्टा दाखवीन, असे मी तिला कबूल केले आहे. ताईही येते म्हणाली, म्हणाली, “येवढा छळ केला त्यानं, एकदा पाहू तरी दे.” मग निवडलेली मेथी टोपलीत भरता भरता नातीला म्हणाली, “पुढचं पान कोरं ठेव बाई. त्यायचं काय ठरते ते लिहाले लागन.”